परीक्षा घ्या, पण बसू तर द्या

माझ्याकडे गाडी चालवण्याचे दोन परवाने आहेत. एक नाशिकचा, २००६ सालचा, एमएच-१५ ने सुरू होणारा. दुसरा सौदी अरेबियाचा, २०१९ सालचा. सौदीचा परवाना २०२४ मध्ये संपला. नाशिकचा यंदा संपतोय. दोन्हींवर चेहरा माझाच आहे, हात-पायही तेच. तरी पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचायला मला तेरा वर्षं लागली.

परदेशात राहायला गेलं की आपला परवाना तिथल्या परवान्याशी बदलून घ्यावा लागतो. आखातात, इंग्लंडमध्ये, जर्मनीत, कॅनडात माणूस असलेल्या प्रत्येक घरात हा विषय कधी ना कधी निघतोच. बहुतेकदा तो तक्रारीच्या सुरात निघतो. ‘वीस वर्षं गाडी चालवली, आणि आता पुन्हा शिकाऊ?’ ही तक्रार मीही खूप ऐकली आहे. पण माझा अनुभव जरा वेगळा आहे, म्हणून लिहिते.

गाडी मला माझ्या चाचांनी शिकवली. चाचा आधी ट्रक चालवायचे. द्राक्षांच्या हंगामात कसारा घाट उतरून रात्रीतून मुंबई गाठायची आणि सकाळी परत निघायचं, असं त्यांचं आयुष्य होतं. १९९२ मध्ये ते रियाधला ‘हाउस ड्रायव्हर’ म्हणून गेले आणि पंधरा वर्षं तिथे राहिले. जुन्या नाशकातल्या आमच्या गल्लीतून गेलेले ते एकटे नव्हते. आखातात जाणाऱ्या आपल्या माणसांत गवंडी, इलेक्ट्रिशियन आणि टेलर असत, तसे ड्रायव्हरही असत.

हाउस ड्रायव्हर हे काम नेमकं काय, ते सांगायला हवं. सौदीत बायकांना गाडी चालवता येत नव्हती. मग मुलांना शाळेत सोडणं, घरातल्या बाईला नोकरीवर, बाजारात, माहेरी, दवाखान्यात नेणं, यासाठी घराघरांत परदेशी ड्रायव्हर ठेवलेले असायचे. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, इंडोनेशिया, फिलिपिन्स अशा देशांतून आलेली लाखो माणसं हेच काम करत होती. चाचांची मॅडम शाळेत शिक्षिका होती. चाचांना ताप आला की तिची शाळा बुडायची. म्हणून चाचा तापातही उठायचे. ते म्हणायचे, “उसका पाँव मेरे पाँव से बंधा था, बेटा. ना वो छूटती थी, ना मैं.”

सुट्टीवर आले की ते मला पहाटे गोल्फ क्लब मैदानाशेजारच्या रस्त्यावर न्यायचे. अब्बांची मारुती ८०० होती. शिकवणारा माणूस डावीकडे बसतो, आणि रियाधमध्ये चाचांचं स्टिअरिंगही डावीकडेच. त्यामुळे मी गिअर बदलायला घेतला की चाचांचा डावा पाय आपोआप खाली दाबला जायचा. तिथे क्लच नसायचा, पण पाय ऐकायचा नाही. घरात कोणी कुरकुर केली, की ‘लडकी को गाडी काय को?’, तर चाचा एकच उत्तर द्यायचे. ते म्हणायचे, हजरत आयेशा उंटावर बसून मोहिमेवर गेल्या, हे तुम्हीच तर वाजमध्ये ऐकता. मग मारुतीने काय बिघडवलं?

२००६ मध्ये पेठ रोडच्या आरटीओतून मला परवाना मिळाला. तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. पुढची सात वर्षं मी नाशकात गाडी चालवली. द्वारका, मुंबई नाका, सारडा सर्कल, मायको सर्कल. ज्याने संध्याकाळी सहा वाजता द्वारका चौक पार केला आहे, त्याला मी जास्त काही सांगायची गरज नाही.

२०१३ मध्ये लग्नानंतर मी रियाधला गेले. माझे शौहर तिथे एका बांधकाम कंपनीत होते. त्यांनाही भारतीय परवाना अरबीत भाषांतरित करून, डोळे तपासून, तिथल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये चाचणी देऊनच सौदीचा परवाना मिळाला होता. पहिल्या आठवड्यात वळायचं म्हटलं की ते वायपर सुरू करायचे. कारण तिथल्या गाड्यांत इंडिकेटरची दांडी डाव्या हाताला असते. कोरड्या ठणठणीत रियाधमध्ये काच पुसत वळणारी गाडी दिसली की ओळखावं, नवा हिंदी आला आहे.

ते चाचणीला बसू शकले. मी बसू शकत नव्हते.

इथे एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. सौदीच्या वाहतूक कायद्यात ‘बाईने गाडी चालवू नये’ असं सरळ लिहिलेलं कलम नव्हतं. बायकांना परवानाच दिला जात नसे, एवढंच. आणि परवान्याशिवाय गाडी चालवणं हा गुन्हा. वाळवंटातल्या बदू बायका पिकअप चालवायच्या, तिथे परवाना विचारायला कोणी नसायचं. शहरात मात्र एक कार्ड न देऊन निम्म्या लोकसंख्येला मागच्या सीटवर बसवलं होतं. शेजारच्या कुवेत, बहरीनमध्ये बायका गाड्या चालवत होत्या. इराणमध्ये, पाकिस्तानात, इंडोनेशियात चालवत होत्या. म्हणजे ही अट इस्लामची नव्हती, एका देशाची होती. पण आपल्याकडे टीव्हीवर चर्चा व्हायची ती ‘इस्लाममध्ये बाईला गाडी चालवता येत नाही’ अशी. नाशकात सात वर्षं गाडी चालवलेली मी ते ऐकून गप्प बसायचे.

त्या काळातली एक रात्र विसरता येत नाही. शौहर कामासाठी बुरैदाकडे गेले होते. मुलगा दीड वर्षाचा होता आणि त्याचा ताप उतरत नव्हता. गाडी खाली उभी होती. किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर लटकत होती. मला गाडी येत होती, रस्ता माहीत होता, दवाखाना दहा मिनिटांवर होता. मी मुलाला शालीत गुंडाळून रस्त्याच्या कडेला टॅक्सीची वाट पाहत उभी राहिले. पंचवीस मिनिटांनी टॅक्सी मिळाली. मुलगा बरा झाला, अल्लाहचा शुक्र. पण मला चाचांची मॅडम तेव्हा खऱ्या अर्थाने कळली.

मी मूग गिळून बसले होते, पण सगळ्याच बसल्या नव्हत्या. ६ नोव्हेंबर १९९० रोजी रियाधमध्ये ४७ बायकांनी एकत्र गाड्या चालवल्या. त्यांना पकडलं, काहींच्या नोकऱ्या गेल्या. त्यातल्या काहींकडे परदेशात घेतलेले परवाने होते. २०११ मध्ये मनाल अल-शरीफ या बाईने स्वतः गाडी चालवतानाचा व्हिडिओ टाकला आणि तुरुंगवास भोगला. डिसेंबर २०१४ मध्ये लुजैन अल-हथलूल ही तरुणी संयुक्त अरब अमिरातीतून गाडी चालवत सौदीच्या सीमेवर आली. तिच्याकडे अमिरातीचा परवाना होता, आणि आखाती देशांच्या आपसातल्या करारानुसार तो सौदीतही चालायला हवा होता. तिचं म्हणणं इतकंच होतं, की पुरुषाचा हाच परवाना तुम्ही मानता, मग माझा का नाही? तिला ७३ दिवस कोठडीत ठेवलं. मी तेव्हा रियाधमध्येच होते. आमच्या बिल्डिंगमधल्या बायका ही बातमी मोबाइलवर वाचायच्या आणि दाराबाहेर त्याबद्दल बोलायच्या नाहीत.

मग २६ सप्टेंबर २०१७ रोजी शाही फर्मान निघालं. पुढच्या जूनपासून बायकांना परवाने मिळणार होते. मी नाशिकला फोन लावला. चाचा बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, “जिनके लिए मैं पंधरा साल चलाया, वो अब खुद चलाएंगी. अच्छा है.” आणि लगेच दुसऱ्या दमात म्हणाले, “लेकिन अपने लडकों का क्या होगा?” दोन्ही वाक्यं खरी होती. बाईची सुटका आणि गरीब ड्रायव्हरची रोजी एकाच दोरीला बांधलेली होती. ज्यांनी ती दोरी बांधली, त्यांचं यात काही जाणार नव्हतं.

४ जून २०१८ रोजी पहिल्या दहा सौदी बायकांना परवाने दिले गेले. त्या दहाही जणींकडे आधीपासून ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, लेबनॉन अशा देशांचे परवाने होते. छोटी चाचणी, डोळ्यांची तपासणी, आणि जुन्याच्या बदल्यात नवा परवाना. २४ जूनला बायका रस्त्यावर आल्या. ज्यांनी त्यासाठी लढा दिला, त्यांतल्या काही मात्र तेव्हा तुरुंगात होत्या. लुजैनला त्याच मे महिन्यात अटक झाली होती. ती सुटली फेब्रुवारी २०२१ मध्ये.

माझ्या भारतीय परवान्याला मात्र थेट बदली नव्हती. आधी बाई म्हणून तो कागद चालत नव्हता. आता बाई असण्याची अडचण मिटली, तर तो भारतीय आहे ही अडचण पुढे आली.

हे फक्त सौदीत होतं असं नाही. भारतीय परवान्यावर ब्रिटनमध्ये राहायला गेल्यावर १२ महिने गाडी चालवता येते. त्यानंतर तिथली लेखी आणि रस्त्यावरची, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. जर्मनीत ही मुदत सहा महिन्यांची आहे. जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर यांचा परवाना ब्रिटन बदलून देतं, भारताचा देत नाही. गंमत म्हणजे २०२१ पासून अमिरातीचा परवाना ब्रिटनमध्ये बदलून मिळतो. म्हणजे नाशिकचा माणूस थेट लंडनला गेला तर शिकाऊ. तोच आधी दुबईत परीक्षा देऊन मग लंडनला गेला तर पक्का ड्रायव्हर. आणि आपण इथून काढून नेतो तो आंतरराष्ट्रीय परवाना? तो १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचा असतो आणि एक वर्ष चालतो. पण तो पाहुण्यांसाठी आहे. राहायला आलेल्यासाठी नाही.

मग मला राग आला का? खरं सांगते, नाही आला. परवान्यावर फोटो आपला असला तरी पत सरकारची असते. समोरचा देश मला ओळखत नाही. तो विचारतो, हिला परवाना देणाऱ्यांनी नीट पाहून दिला होता का? याचं उत्तर आपल्याच केंद्रीय मंत्र्यांनी दिलेलं आहे. देशातले ३० टक्के परवाने बोगस आहेत, असं नितीन गडकरी २०१९ मध्ये लोकसभेत म्हणाले होते. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरच्या पहाटे नाशिकच्या मिरची चौकात बस पेटून १२ जण गेले, ते आपण कोणी विसरलेलो नाही. ज्या देशाची आकडेवारी अशी आहे, त्याच्या कार्डावर दुसऱ्याने डोळे मिटून विश्वास ठेवावा, हे मागायचं कोणत्या तोंडाने? प्रामाणिकपणे शिकलेल्याला याची किंमत मोजावी लागते, हे खरं. पण ती वसूल करायला दार ठोठवायचं तर रियाध किंवा लंडनचं नाही, आपलंच.

तर मी भाषांतरापासून सुरुवात केली. माझ्या कार्डावर शहराचं नाव जुन्या इंग्रजी स्पेलिंगने, ‘नासिक’ असं होतं. भाषांतर करणारा मिसरी म्हातारा ते अरबीत लिहिता लिहिता थांबला आणि हसायला लागला. अरबीत ‘नासिक’ म्हणजे इबादतीत बुडालेला, संन्यस्त माणूस. हजच्या विधींना आपण ‘मनासिक’ म्हणतो, तो शब्द त्याच धातूचा. त्याने विचारलं, “तुमच्या गावात खरंच असे लोक राहतात?” मी सांगितलं, दर बारा वर्षांनी लाखो येतात, गोदावरीवर. त्याला ते थट्टा वाटली. मी मोबाइलवर २०१५ च्या कुंभमेळ्याचे फोटो दाखवले. त्याने ते बराच वेळ पाहिले आणि कागदावर शिक्का मारला.

त्यानंतर एका विद्यापीठाच्या आवारातल्या बायकांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. रांग काही महिन्यांची होती. फी पुरुषांच्या फीच्या कित्येक पट होती. आधी गाडी किती येते ते पाहायचे आणि त्यावरून तास ठरवायचे. मला गाडी येत होती, त्यामुळे तास कमी लागले. माझ्या गटात एक सौदी आजी होती, साठीच्या पुढची. दोन फिलिपिनो नर्स होत्या. एक हैदराबादची डॉक्टर होती, तिच्याकडे माझ्यासारखाच जुना भारतीय परवाना होता. आजीने आयुष्यात पहिल्यांदा स्टिअरिंग धरलं होतं. तिचे हात थरथरत होते आणि ती हसत होती.

शिकवणाऱ्या बाईंनी मला गोल चौकात नेलं. नियम साधा आहे. चौकात जी गाडी आधीच फिरते आहे तिला आधी जाऊ द्यायचं. तो आपल्याकडेही आहे, फक्त पुस्तकात. आपल्या सर्कलवर मोठ्या गाडीला आधी वाट मिळते, मग धीट माणसाला. तिथे गाड्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे चौकातही उलट्या दिशेने फिरायचं. मी थांबले, डावीकडे पाहिलं, वाट मिळाल्यावर आत शिरले. त्या म्हणाल्या, “तुम्ही आरशात फार पाहता. चांगलं आहे. कुठे शिकलात?” मी म्हटलं, नासिकमध्ये. एका हाउस ड्रायव्हरकडून.

संगणकावरची लेखी परीक्षा झाली, पार्किंग झालं, रस्त्यावरची चाचणी झाली. मी पास झाले. कार्ड हातात आलं त्या दिवशी चाचांना फोटो पाठवला. त्यांनी मोहल्ल्यात किती जणांना दाखवला असेल, अल्लाह जाणे.

या सगळ्यातून मला एक गोष्ट नीट कळली. परीक्षा घेण्यात अपमान नसतो. तीनदा घ्या, पाचदा घ्या. घेणाऱ्याला जितकी शंका, तितकी कडक घ्या. रस्त्यावर दुसऱ्याचं पोर असतं, त्यामुळे शंका घेण्याचा त्याला हक्क आहे. अपमान असतो तो परीक्षेला बसूच न देण्यात. तिथे तुम्हाला गाडी येते की नाही, हा प्रश्नच कोणी विचारत नाही. २०१३ ते २०१८ मला जे डाचलं ते हे होतं. २०१९ मध्ये पुन्हा शिकाऊ व्हावं लागलं ते डाचलं नाही. उलट बरं वाटलं. कोणीतरी माझं ड्रायव्हिंग पाहत होतं. त्याआधी फक्त मी बाई आहे हे पाहत होते.

२०२२ मध्ये आम्ही नाशिकला परतलो. परत आल्यावर वाचनात आलं, की आपला १९८८ चा मोटार वाहन कायदा परदेशी परवान्याबाबत फार उदार आहे. कलम ९ प्रमाणे परदेशातल्या सक्षम अधिकाऱ्याने दिलेला परवाना असेल, तर वैद्यकीय अट पाळून त्या प्रकारच्या गाडीसाठी इथल्या चाचणीतून सूट मिळते. म्हणजे सगळं जग आपला कागद तपासून घेतं आणि आपण जगाचा कागद विश्वासाने घेतो. रियाधच्या रुंद रस्त्यांवर शिकलेल्या माणसाला द्वारका चौकात चाचणीशिवाय सोडणं हे औदार्य आहे की आणखी काही, ते तुम्हीच ठरवा. मला त्या सवलतीची गरज नव्हती, माझा नाशिकचा परवाना जिवंत होता. आता त्याची वीस वर्षं भरत आहेत. चाळिशी ओलांडल्यामुळे डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागेल. नवा मिळेल तो दहा वर्षांचा. मुदत संपून वर्षाच्या वर उशीर केला तर पुन्हा चाचणी. परदेशी असलेल्या भाऊ-बहिणींनी एवढं लक्षात ठेवावं. तिथला परवाना मिळाला म्हणून इथला मरू देऊ नये.

पण माझ्या मनात सध्या वेगळाच परवाना आहे. माझ्या बहिणीची मुलगी एकोणीस वर्षांची आहे. कॉलेज पाथर्डी फाट्याच्या पलीकडे. दोन रिक्षा बदलून जाते. तिला परवाना काढायचा आहे. इथे कोणतं फर्मान आडवं येत नाही. लर्निंग लायसन्सची परीक्षा २०२१ पासून आधार कार्डावर घरबसल्या देता येते. त्यानंतर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. कायद्याने ती अठराव्या वर्षीच पात्र झाली. तरी घरात उत्तर एकच आहे, “शादी के बाद देखेंगे.” मुलीच्या भावाने सोळाव्या वर्षी परवान्याशिवाय बाइक काढली, तेव्हा कोणी काही म्हणालं नव्हतं.

एका देशाने कार्ड न देऊन जे केलं, तेच आपण अर्ज न भरू देऊन करतो. त्यांना निदान जगाने नावं ठेवली. आपल्या घरातली बंदी कुठल्याच बातमीत येत नाही. बाहेरचा कोणी ‘तुमच्यात बायकांना गाडी चालवू देत नाहीत’ म्हणाला की आम्ही चिडतो, आणि चिडायलाच हवं, कारण ते सरसकट खोटं आहे. पण त्याला उत्तर वादात देऊन भागत नाही.

मी बहिणीशी बोलले. भाऊजींशी बोलले. ते म्हणाले, “आपा, रस्ते खराब आहेत, कुंभाच्या कामांनी सगळीकडे खोदलंय, ट्रक भरधाव येतात. तिला काही झालं तर?” ही भीती खोटी नाही. मी त्यांना सांगितलं, भीती वाटते तर तिची परीक्षा घ्या. मी शिकवते. तुम्ही मागच्या सीटवर बसा, महिनाभर रोज पाहा. तुम्हाला ती कच्ची वाटली तर आणखी एक महिना शिकवू. पण पाहायच्या आधी नाही म्हणू नका.

ते अजून हो म्हणालेले नाहीत. पण गेल्या रविवारी त्यांनी विचारलं, लर्निंग लायसन्सच्या अर्जाला कोणकोणते कागद लागतात. मी यादी लिहून दिली आहे.